दुकान सुरू करतानाच वारसाचा कागद: इंदूरच्या मराठी घरांसाठी

इंदूरच्या मराठी वस्त्यांतून आता धंदा ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. सुदामा नगरात कुणी काकू भाजणी-मेतकुटाची पाकिटं करून दुकानांना देतात, टिळक नगरात कुणी निवृत्त मास्तर क्लास चालवतात, नोकरी सोडलेली मुलं पालद्याला नाहीतर सांवेर रोडला शेड घेऊन मशीन टाकतात. काम जोमात सुरू होतं. कागद मात्र ‘बघू पुढे’ म्हणून राहून जातात, आणि मृत्युपत्राचा विषय निघाला की घरातलं कुणीतरी ‘असं अभद्र बोलू नये’ म्हणून तो तिथेच मिटवतं.

या दोन कामांसाठी वकिलाकडे दोनदा जायची गरज नाही. ती एकत्रच करा, असं मी कळकळीनं सांगेन. तुमच्या मागे धंद्याचं काय होणार, हे बरंचसं धंद्याच्या पहिल्या कागदातच ठरून जातं. मृत्युपत्रात ‘माझा धंदा मुलीला’ असं लिहिलं, पण भागीदारीपत्रात त्याबद्दल अवाक्षर नसलं, तर मुलीच्या हाती धंदा येत नाही, फक्त हिशोब मागण्याचा हक्क येतो. पुढचे टप्पे त्याच क्रमानं लिहिले आहेत. हिंदू वारसा कायद्याखाली येणाऱ्या घरांसाठी हे आहे. इतर धर्मीयांचे वारसाहक्क वेगळे असतात.

पहिला टप्पा: यादी, आणि प्रत्येक वस्तूचं मूळ

एक वही घ्या. घर, दुकान, शेड, एफडी, पीपीएफ, विमा, शेअर, दागिने, गाडी, मशिनरी, उधारीवर गेलेला माल, घेतलेलं कर्ज, दिलेली जामीनकी, सगळं लिहा. प्रत्येक ओळीपुढे तीन गोष्टी हव्यात: कागदावर नाव कुणाचं, पैसा कुणाचा, आणि वस्तू आली कुठून. घर विकास प्राधिकरणाच्या लीजवरचं आहे की रजिस्ट्रीचं, प्लॉट गृहनिर्माण संस्थेचा असेल तर सभासदत्व कुणाच्या नावावर आहे, हेही लिहा. लीजचं नूतनीकरण राहिलेलं असेल तर ते आधी उरका. पुढे वारसांना नामांतरणाच्या वेळी तिथेच अडकावं लागतं.

‘आली कुठून’ हा रकाना सर्वांत महत्त्वाचा. आपल्याकडे जुन्या इंदुरातल्या वाड्यात हिस्सा, देवास-धारकडे थोडी शेती, कोकणात नाहीतर देशावर मूळ घरातला वाटा, असं बरंच काही असतं. जे स्वतः कमावलं ते कुणालाही देता येतं. जे एकत्र कुटुंबाचं आहे त्यातला फक्त आपला हिस्साच मृत्युपत्रानं देता येतो. २००५ च्या दुरुस्तीनंतर त्या मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आणि जन्मापासूनचा आहे. दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. ‘बहिणीला लग्नात दिलंय’ हे कायद्यापुढे उत्तर नव्हे. तिनं हक्क सोडायचाच असेल तर नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र लागतं, आणि ते तिच्या मर्जीनं.

न दिसणारी मालमत्ता हमखास विसरली जाते: दुकानाचं नाव, ग्राहकांना पाठ झालेला मोबाइल नंबर, त्याला जोडलेलं यूपीआय, जीएसटी पोर्टलचं लॉगिन, वजन-मापासकट लिहिलेली पाककृतींची वही. घरगुती खाद्यपदार्थांच्या धंद्यात खरी किंमत बहुतेक वेळा यांचीच असते.

दुसरा टप्पा: काहीच लिहिलं नाही तर कुणाला काय मिळेल

हा टप्पा लोक गाळतात. त्यांना वाटतं, नवऱ्यामागे सगळं बायकोचं. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ तसं सांगत नाही.

समजा, एका गृहस्थाचं स्वकमाईचं दुकान आहे. घरात आई, बायको, एक मुलगा, एक मुलगी. मृत्युपत्र नाही. दुकानाचे चार समान भाग होतात आणि त्यातला एक आईचा. पुढे आईही काही न लिहिता गेली, तर तिचा चौथा हिस्सा तिच्या सगळ्या मुलांकडे जातो. म्हणजे त्या गृहस्थाचे भाऊ-बहीण दुकानात हिस्सेदार होतात. कुणीही वाईट वागलेलं नसतं, तरी दुकान विकायला, गहाण ठेवायला किंवा भाड्यानं द्यायला आता पुण्याच्या काकांची आणि बडोद्याच्या आत्याचीही सही लागते. आणि त्या गृहस्थाचे वडील हयात असले तरी कायदा ज्यांना आधी वाटा देतो त्या पहिल्या वर्गाच्या वारसांत ते येतच नाहीत. मुलाच्या धंद्यात आयुष्यभराची पुंजी घातलेल्या वडिलांना हे आधी सांगायला हवं.

बाईच्या मालमत्तेचा नियम आणखी वेगळा आहे, आणि स्वतः धंदा करणाऱ्या प्रत्येक बाईनं तो माहीत करून घ्यावा. तिच्यामागे मुलं आणि नवरा असतील तर वारसा त्यांच्याकडे जातो. मूल नाही, नवराही हयात नाही, अशी स्थिती असेल तर तिनं स्वतः कमावलेली मालमत्ता आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिचे आईवडील त्यांच्यानंतर येतात. आईवडिलांकडून वारशानं आलेली मालमत्ता मात्र, मूलबाळ नसेल तर, वडिलांच्या वारसांकडे परत जाते. मला हा नियम अन्यायाचा वाटतो. एका कागदानं तो टाळता येत असताना तो कागद न करणं त्याहून वाईट.

तिसरा टप्पा: धंद्याचं रूप

एकट्याच्या मालकीचा धंदा, ज्याला प्रोप्रायटरशिप म्हणतात, सुरू करायला सर्वांत सोपा. पण कायद्याच्या नजरेत मालक आणि धंदा एकच. धंद्याचं कर्ज घरावर येऊ शकतं, आणि मालक गेला की धंद्याचं खातं, जीएसटी क्रमांक, परवाने सगळं त्याच्याबरोबर थांबतं. लहान कामाला हे रूप चालतं, तिथे मृत्युपत्र मात्र हवंच.

भागीदारीवर जरा थांबू, कारण दोघा मित्रांचा किंवा दोघा भावांचा धंदा आपल्याकडे बहुतेक याच रूपात असतो. १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे वेगळा करार नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूनं फर्म संपते. म्हणून भागीदारीपत्रात असं काही हवंच:

‘कोणत्याही भागीदाराचा मृत्यू झाल्यास फर्म विसर्जित होणार नाही. मृत भागीदाराने मृत्युपत्राने नेमलेल्या व्यक्तीस, तिची संमती असल्यास, नव्वद दिवसांच्या आत त्याच हिश्शाने भागीदार करून घेतले जाईल. ती व्यक्ती भागीदार होऊ इच्छित नसल्यास मृत भागीदाराच्या खात्यावरील भांडवल, त्या तारखेपर्यंतचा नफा व नावलौकिकाचे मूल्य तिला बारा समान मासिक हप्त्यांत दिले जाईल. नावलौकिकाचे मूल्य मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दुप्पट धरावे.’

नव्वद दिवस, बारा हप्ते, दुप्पट, हे आकडे तुम्ही ठरवा. पण आकडे हवेतच. ‘योग्य मोबदला दिला जाईल’ एवढंच लिहिलं तर योग्य म्हणजे किती यावरच पुढची वर्षं कोर्टात जातात.

एक खाच बऱ्याच छापील नमुन्यांत सुटते. भागीदार दोनच असतील तर एक गेल्यावर मागे एकच उरतो, आणि एकट्याची भागीदारी असू शकत नाही. फर्म चालू राहील असं कागदावर कितीही लिहिलं तरी ती तिथे संपते. वारसाला घेऊन नवी भागीदारी करता येईल, पण ती नवी. म्हणून दोघांच्या फर्ममध्ये सुरुवातीलाच तिसरा भागीदार घ्या, नाहीतर एलएलपी करा (ती काय, ते पुढे सांगतो). शिवाय भागीदारीपत्राची रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे नोंदणी करा. ती सक्तीची नाही, पण नोंदणी नसलेल्या फर्मला करारातले पैसे वसूल करण्यासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. उधारीवर चालणाऱ्या धंद्याला हे फार महागात पडतं.

एलएलपी, म्हणजे २००८ च्या कायद्याखालची मर्यादित दायित्वाची भागीदारी, भागीदार गेल्यानं संपत नाही. वारसाला भांडवल आणि साठलेल्या नफ्यातला हिस्सा मिळतो. कारभारात शिरकाव मिळतोच असं नाही, तो करारात लिहावा लागतो. इथेही दोन भागीदार लागतातच. सहा महिन्यांहून जास्त काळ एकटाच उरलेला भागीदार जाणूनबुजून काम चालवत राहिला, तर त्या काळातल्या देण्यांना तो स्वतः जबाबदार होतो. एलएलपीचा करार नोंदणीनंतर ३० दिवसांत दाखल करावा लागतो. घाईत नमुन्याचा करार चिकटवून मोकळं होऊ नका, कारण तुमचं सगळं त्यातच असतं.

एकट्या माणसाला कंपनी हवी असेल तर एकल व्यक्ती कंपनी करता येते. तिच्या अर्जातच वारसदार सभासदाचं नाव आणि त्याची लेखी संमती द्यावी लागते, ही मला तिची आवडलेली बाजू. तिथलं नाव आणि मृत्युपत्रातलं नाव एकच ठेवा. प्रायव्हेट लिमिटेडला किमान दोन सभासद आणि दोन संचालक लागतात, शेअर वारसांच्या नावे करता येतात, धंदा अखंड राहतो. बदल्यात दरवर्षीचं ऑडिट आणि विवरणपत्रांचा खर्च येतो. बाहेरचं भांडवल घ्यायचं नसेल तर लहान धंद्यानं त्या वाटेला जाऊ नये, असं माझं मत आहे. मध्य प्रदेशचे कंपनी रजिस्ट्रार ग्वाल्हेरला आहेत, पण अर्ज ऑनलाइन होतात. भागभांडवल असलेल्या नव्या कंपनीनं १८० दिवसांच्या आत भांडवल आल्याची घोषणा दाखल केल्याशिवाय व्यवहार सुरू करू नये.

चौथा टप्पा: नोंदण्या

यात कायद्याची गुंतागुंत कमी आहे, म्हणून भरभर सांगतो. दुकान-आस्थापनेची नोंद, ज्याला इथे सगळे गुमास्ता म्हणतात. महापालिकेचा व्यापार परवाना. लहान उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी, जी आधारवर आणि पूर्ण मोफत होते. तिचे पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नव्हेत. मालाची वार्षिक उलाढाल ४० लाखांवर किंवा सेवेची २० लाखांवर गेली की जीएसटी. दुसऱ्या राज्यात माल विकायचा तर साधारणपणे उलाढाल कितीही असली तरी. खाद्यपदार्थ असतील तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंद पहिल्या पाकिटाआधी.

नावाचा ट्रेडमार्क मात्र टाळू नका. मसाले, पिठं, भाजणी हे तिसाव्या वर्गात येतं, व्यक्तीसाठी ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे, नोंदणी दहा वर्षांची आणि पुढे वाढवता येते. ट्रेडमार्क मृत्युपत्रानं देता येतो. नोंदवलेलं नाव एकाच्या हाती राहतं; नाही तर आईच्या नावाची चकली दोन्ही मुलं वेगवेगळ्या पाकिटांत विकायला लागतात आणि दिवाळीच्या तोंडावर एकमेकांना नोटिसा पाठवतात.

पाचवा टप्पा: मृत्युपत्र

साध्या कागदावर चालतं. स्टँपड्युटी नाही. नोंदणीची सक्ती नाही. वारसा कर आपल्या देशात नाही. मृत्युकर १९८५ मध्येच बंद झाला. मग अडचण येते कुठे? सहीच्या वेळी.

भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे करणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदार लागतात. साक्षीदारांनी त्याला सही करताना पाहिलेलं असावं, किंवा त्यानं ‘ही सही माझी’ असं त्यांना स्वतः सांगितलेलं असावं, आणि त्यांनी त्याच्यासमोर सही करावी. म्हणून हे काम एका बैठकीत करा. टेबलाभोवती तिघं बसा. करणाऱ्यानं प्रत्येक पानाच्या तळाशी आणि शेवटी पूर्ण सही करावी, खाडाखोडीजवळही सही करावी, मग दोघा साक्षीदारांनी नाव, वय, पत्ता लिहून त्याच पेनानं, त्याच वेळी सही करावी. कागद घरोघर फिरवून सह्या गोळा केल्या तर साक्षीदार उलटतपासणीत ढासळतो.

साक्षीदार हयात असेल तर निदान एकाला तरी कोर्टात बोलवावं लागतं. तेव्हा तुमच्याहून वयानं लहान, इंदुरातच राहणारे, आणि ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळायचं नाही असे दोघं निवडा. समवयस्क मित्र मायेचे असतात, पण पंधरा वर्षांनी साक्षीला कोण असेल याचा विचार करा. वय जास्त असेल किंवा आजारपण असेल तर त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. ज्याला सगळ्यांत जास्त मिळणार त्यानंच वकील आणला, कागद लिहवून घेतला आणि सहीला हजर राहिला, तर कोर्ट त्याकडे संशयानं पाहतं. त्या दिवशी मुलांनी बाहेर राहावं, हे उत्तम.

धंद्यासाठीचं कलम असं असावं:

‘अमुक नावाने चालणारा माझा धंदा, त्यातील माल, यंत्रे, येणे रकमा, चालू खात्यातील शिल्लक, ट्रेडमार्क व नावलौकिक, धंद्याच्या सर्व देण्यांसह, मी माझी मुलगी अमुक हिला देत आहे. ती माझ्या आधी वारल्यास हा धंदा माझ्या पत्नीस मिळावा. या मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी मी अमुक यांस व्यवस्थापक नेमत आहे.’

‘देण्यांसह’ हे शब्द मुद्दाम घातले आहेत. ते नसतील तर माल एकाला आणि कर्जाचा बोजा सगळ्यांच्या वाट्याला, असा वाद उभा राहतो. एरवी वडिलांचं कर्ज वारसानं फक्त वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरतंच फेडायचं असतं, पण त्यानं स्वतः जामीनकीवर सही केली असेल तर ही मर्यादा उरत नाही. बँक सहीला बोलावते तेव्हा हे लक्षात ठेवा.

मुलाला कमी आणि मुलीला जास्त, किंवा उलट द्यायचं असेल तर कारण दोन ओळींत लिहा: ‘मुलाच्या शिक्षणासाठी व घरासाठी मी आधीच मदत केली आहे.’ कारण वाचल्यावर वाटा मिळालेला-न मिळालेला दोघंही शांत होतात, हा माझा अनुभव आहे.

आता भाषा. मराठीत मृत्युपत्र पूर्ण वैध आहे. पण जिल्ह्यात सर्रास न चालणाऱ्या आणि नोंदणी अधिकाऱ्याला न समजणाऱ्या भाषेतला दस्त भाषांतर जोडल्याशिवाय नोंदवला जात नाही, असं नोंदणी कायद्याचं कलम १९ आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना मराठीतच मनातलं नेमकं लिहिता येत असेल तर मराठीत लिहा आणि हिंदी भाषांतर बरोबर ठेवा. त्यांना हिंदी सहज वाचता येत असेल तर सरळ हिंदीतच करा. न समजणाऱ्या इंग्रजीत मात्र नको. ‘मजकूर वाचून दाखवला होता का’ हा पहिला प्रश्न तिथेच येतो.

सक्ती नसली तरी मी नोंदणीचाच सल्ला देतो. मध्य प्रदेशात ती संपदा या सरकारी दस्त-नोंदणी पोर्टलवर वेळ घेऊन उपपंजीयक कार्यालयात होते. वसीयत म्हटलं की तिथे लगेच समजतं. मुदतीचं बंधन नाही. मजकूर गुप्तच ठेवायचा असेल तर बंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेव म्हणून देण्याची सोय याच कायद्यात आहे. नंतर मत बदललं तर नवीन करा, सगळ्यांत शेवटचं तेच खरं. त्यात ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ हे वाक्य हवं. आणि एक नेमकी गोष्ट: लग्न झालं म्हणून हिंदू माणसाचं आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द होत नाही. लग्नाआधी सगळं भावाच्या नावे लिहून ठेवलेला मुलगा लग्नानंतर ते बदलायला विसरला, तर बायको त्यातून बाहेरच राहते.

सहावा टप्पा: नॉमिनी जुळवणं

नॉमिनी म्हणजे मालक, हा समज फार घट्ट आहे. बँक नॉमिनीला पैसे देते आणि मोकळी होते. वारसांचा हक्क तसाच राहतो. शेअरच्या बाबतीतही हेच, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये सांगितलं. अपवाद आयुर्विम्याचा: २०१५ पासून आईवडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर ती रक्कम त्यांचीच. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी ठेवता येतात, टक्केवारी देऊन. मृत्युपत्रातले वाटे आणि ही टक्केवारी एकसारखी ठेवा.

कर्ज काढून धंदा करणाऱ्या माणसानं नवा विमा घेताना १८७४ च्या विवाहित स्त्री संपत्ती कायद्याखाली घ्यावा, असं मी आवर्जून सांगतो. ती रक्कम बायको-मुलांसाठीच राखीव राहते, धंद्याच्या सावकारांना तिला हात लावता येत नाही. पॉलिसी घेतानाच तो अर्ज भरावा लागतो.

सातवा टप्पा: जिवंतपणी देण्याचा मोह

‘आत्ताच नावावर करून टाका, नंतरची कटकट नको’ असं मुलं म्हणतात आणि मनापासून म्हणतात. पण बक्षीसपत्र एकदा नोंदवलं की सहसा परत घेता येत नाही. करायचंच असेल तर ‘आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे त्यात स्पष्ट लिहा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ती अट मोडल्यावर हस्तांतर रद्द होऊ शकतं. मध्य प्रदेशातल्याच एका आईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये तसा निर्णय दिला. राहतं घर मात्र हयातीत देऊ नका. मृत्युपत्रानं द्या.

आठवा टप्पा: वकिलाकडे जाताना

यादीची वही, रजिस्ट्रीच्या प्रती, मालमत्ता कराची पावती, कर्जाची पत्रं, भागीदारीपत्र असेल तर ते, आणि घरातल्या सगळ्यांची नावं-वयं, इतकं घेऊन जा. फी आधी विचारा, लेखी घ्या, आणि तीत मसुदा किती वेळा बदलून मिळेल तेही. तुमचे प्रश्न न विचारता छापील नमुना पुढे सरकवणारा वकील या कामाचा नव्हे. कर आणि विवरणपत्रांसाठी सीए लागेलच. पहिली बैठक दोघांची एकत्र झाली तर दोन कागद एकमेकांविरुद्ध बोलत नाहीत.

फी परवडत नसेल तर जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि दिव्यांग यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत मदतीचा हक्क १९८७ च्या कायद्यानं दिला आहे. हेल्पलाइन १५१०० आहे.

वारसासाठी एक पान

यादीच्या वहीत शेवटी वारसासाठी सूचना लिहून ठेवा, कारण त्या दिवसांत कुणाला काही सुचत नाही. मृत्यूनंतर मालकाच्या एटीएमनं किंवा यूपीआयनं पैसे काढू नयेत, हेतू चांगला असला तरी. बँकेला कळवावं. मृत्यूचे दाखले भरपूर प्रतींत घ्यावेत. एकट्याच्या मालकीचा धंदा चालू ठेवायचा असेल तर वारसानं स्वतःची जीएसटी नोंदणी घ्यावी, अर्जात मालकाचा मृत्यू हे कारण द्यावं, आणि जुन्या क्रमांकावर शिल्लक असलेलं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) आयटीसी-०२ फॉर्मनं नव्या क्रमांकावर आणावं. जुना क्रमांक त्यानंतर रद्द करावा, आधी नव्हे. धंदा पुढे चालवणाऱ्यावर जुन्या कराची जबाबदारी येते, म्हणून राहिलेली विवरणपत्रं आधी तपासावीत. महापालिकेतलं नामांतरण करून घ्यावं, पण त्यानं मालकी सिद्ध होत नाही. मालकी मृत्युपत्रानं किंवा वारसाहक्कानं येते. मृत्युपत्राची मूळ प्रत कुठल्या कपाटात आहे आणि किल्ली कुणाकडे, ही ओळ त्या पानावर सर्वांत वर लिहा.